गिलान, वैद्य आणि मरणेच्छा : विनयपिटकातील एका निवाड्याच्या निमित्ताने

विनयपिटकात तिसऱ्या पाराजिकेच्या विवरणाला जोडून 'विनीतवत्थु' हा भाग येतो. शिक्षापद घालून दिल्यावर भगवंतांपुढे जी प्रकरणे आली, त्यांचे निवाडे त्यात अगदी थोडक्या शब्दांत नोंदलेले आहेत. त्यांपैकी एक प्रकरण असे आहे. हात-पाय तोडलेला एक मनुष्य नातलगांच्या घरी, नातलगांच्या गराड्यात पडलेला आहे. एक भिक्खू तेथे जातो व त्या नातलगांना विचारतो की, याचे मरण तुम्हांस हवे आहे काय? ते होकार देतात. तसे असेल तर याला ताक पाजा, असे भिक्खू सुचवितो. ताक पाजले जाते आणि तो मनुष्य मरतो. भिक्खूला मागाहून टोचणी लागते, तो भगवंतांकडे जातो आणि निवाडा होतो : पाराजिक. म्हणजे संघातून कायमचे बाहेर. लगेच पुढचे प्रकरण एका भिक्खुणीचे आहे. तिने ताकाऐवजी 'लोणसोवीरक' हे खारट-आंबट पेय सुचविले, एवढाच फरक.

गतवर्षीच्या वर्षावासात माढ्याच्या विहारात प्रस्तुत लेखकाने हा भाग वाचला, तेव्हा सभेत थोडी कुजबुज झाली. ताक हे आमच्याकडे उन्हाळ्यातील पथ्य. त्याने माणूस कसा मरेल, अशी शंका एका वयस्क उपासकांनी काढली. शंका रास्तच होती, आणि तिचे उत्तर मूळ ग्रंथ देत नाही. परंतु खरा प्रश्न मागच्या रांगेतून आला. सोलापुरात वैद्यकीय शिक्षण घेणारी, सुटीसाठी गावी आलेली एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, हा प्रश्न आम्ही वॉर्डात नेहमी ऐकतो. तिथं फक्त ताकाचं नाव घेत नाहीत." मग तिने विचारले की, तो भिक्खू नातलगांशी बोलला, पण पडलेल्या माणसाला कोणी काही विचारले होते काय?

पालि वाङ्मयाचे अध्यापन करीत असताना हे प्रकरण अनेकदा शिकविले होते, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. ग्रंथ पुन्हा उघडून पाहिला. त्या मनुष्याचे हात-पाय तोडलेले होते एवढे सांगितले आहे. त्याची वाचा गेली होती असे कोठेही म्हटलेले नाही.

तिसऱ्या पाराजिकेचा इतिहास येथे थोडा विस्ताराने पाहावयास हवा. वैशालीत भगवंतांनी अशुभ भावनेचा उपदेश केल्यानंतर काही भिक्खूंना स्वतःच्या देहाची इतकी घृणा आली की त्यांनी आत्मघात केला, एकमेकांस मारले, आणि मिगलण्डिक नावाच्या इसमाकडूनही स्वतःची हत्या करवून घेतली. मनुष्यवधाचे शिक्षापद या घटनेतून आले. पुढे षड्वर्गीय भिक्खूंचे प्रकरण घडले. एका आजारी उपासकाच्या रूपवती पत्नीवर त्यांचे मन गेले होते. त्यांनी त्या उपासकापुढे मरणाचे गुणगान केले, त्याने अपथ्य खाऊन देह सोडला, आणि पत्नीने या भिक्खूंविरुद्ध गाऱ्हाणे केले. तेव्हा 'मरणवण्ण', म्हणजे मरणाची स्तुती करणे, हेही मूळ शिक्षापदात घातले गेले. यानंतर विनीतवत्थूतले पहिलेच प्रकरण येते ते असे की, एका आजारी भिक्खूपुढे त्याच्या सोबत्यांनी 'कारुञ्ञेन', म्हणजे करुणेपोटी, मरणाची स्तुती केली आणि तो गेला. निवाडा तोच.

घृणा, स्वार्थ आणि करुणा या तीन निरनिराळ्या हेतूंना एकच निवाडा मिळालेला पाहून आधुनिक वाचक चमकतो. करुणेला स्वार्थाच्या पंक्तीला कसे बसविता येईल? बुद्धघोषांनी समन्तपासादिकेत हा प्रश्न टाळलेला नाही. ते सोबती रुग्णाला म्हणाले की, तू शीलवान आहेस, मरणाला का भितोस, तुझा स्वर्ग मरणापुरताच दूर आहे. हे बोलणे दयेचे होते. पण रुग्णाच्या ठायी मरणाची इच्छा त्याने उत्पन्न केली, आणि गोम येथे आहे. मग अशा रुग्णाशी बोलावे तरी कसे? अट्ठकथेचे उत्तर असे की, विहार, परिवार यांची आसक्ती सोड आणि बुद्ध, धम्म, संघ व काया यांचे स्मरण जागे ठेव, असे त्याला सांगावे. थोडक्यात, बोलणे रुग्णाशी असावे आणि ते त्याच्या मनाच्या स्वास्थ्याविषयी असावे. त्याच्या जगण्या-मरण्याचा सौदा त्यात नसावा.

परंतु याच अट्ठकथेत दुसरी बाजूही आहे, आणि ती आमच्या प्रवचनकारांकडून सहसा सांगितली जात नाही. औषध व शुश्रूषक उपलब्ध असताना जो रुग्ण मरण्यासाठी आहार तोडतो, त्याला दुक्कट हा सौम्य दोष लागतो. मात्र ज्याचा आजार मोठा व दीर्घकाळ चाललेला आहे, शुश्रूषा करणारे भिक्खू थकले आहेत, त्यांना किळस येऊ लागली आहे, आणि कितीही जपले तरी हा देह टिकणार नाही हे ज्याला स्वतःला उमगले आहे, त्याने आहार बंद केला व औषध घेतले नाही तर ते चालते, असे बुद्धघोष म्हणतात. पाचव्या शतकातले हे विवेचन आहे. याच परंपरेतील विनय-टीकेचे संघभद्राने इ. स. ४८९ च्या सुमारास केलेले चिनी रूपांतर आपल्या पुण्याच्या प्रा. पु. वि. बापट यांनी अकिरा हिराकावा यांच्या सहकार्याने इंग्रजीत आणले आणि भांडारकर संस्थेने ते १९७० साली प्रसिद्ध केले. पुण्यात बसून हे काम होत असताना न्यायालयात मात्र 'उपचार थांबविणे' आणि 'मारणे' यांतला भेद कोणी उच्चारतही नव्हते.

विनय हा संन्यस्तांचा कायदा आहे. तो वैद्यांना बांधील नव्हता व नाही. वैद्यांची त्या काळची वृत्ती कोणती होती? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात असाध्य रोगाला हात घालणाऱ्या वैद्याचे द्रव्य, विद्या आणि यश तिन्ही जातात, असे बजावलेले आहे. रोगी असाध्य ठरला की वैद्याने बाजूला व्हावे, ही त्या काळाची शिष्टसंमत रीत होती. महावग्गातील राजगृहाच्या श्रेष्ठीची कथा याच रीतीचे चित्र दाखविते. सात वर्षे मस्तकरोगाने पीडलेल्या या श्रेष्ठीला मोठमोठ्या वैद्यांनी सोडून दिले होते. कोणी पाच दिवसांची मुदत सांगत होता, कोणी सात. बिंबिसाराच्या आज्ञेने जीवक तेथे गेला. त्याने आधी फी ठरविली (जीवकाचे चरित्र सांगताना आपण हा भाग हळूच वगळतो), आणि मग रुग्णालाच विचारले की, एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने व उताणे सात महिने पडून राहाशील काय? श्रेष्ठी हो म्हणाला, तेव्हा त्याने कवटीला शस्त्र लावले. प्रत्यक्षात प्रत्येक कुशीवर सातच दिवस लागले, आणि तेही श्रेष्ठीला जड गेले. जीवकाच्या शस्त्रकौशल्याची वाखाणणी सर्वत्र होते. पण इतरांनी मुदत सांगितली आणि याने रुग्णाला प्रश्न विचारला, हा भेद मला अधिक मोलाचा वाटतो.

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तीन प्रकारचे रुग्ण सांगितले आहेत. एक, पथ्य, औषध, शुश्रूषक मिळोत वा न मिळोत, बरा न होणारा. दुसरा, मिळोत वा न मिळोत, बरा होणारा. तिसरा, मिळाले तरच बरा होणारा. या तिसऱ्यासाठी औषधाची अनुज्ञा आहे. आणि त्याच्यामुळे पहिल्या दोघांचीही शुश्रूषा केली पाहिजे, असा तेथे निर्णय आहे. बाजूला होणाऱ्या वैद्याला याहून चांगले उत्तर प्राचीन वाङ्मयात माझ्या पाहण्यात नाही. असाध्य रुग्णाला बरे करता येत नाही, पण म्हणून त्याची सेवा संपत नाही.

आता आपल्या काळाकडे वळू. महाराष्ट्रात या प्रश्नाने आधुनिक रूप घेतले ते मोठ्या माणसांच्या मरणांतून. आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे नाव या नियतकालिकाच्या वाचकांस सांगावयास नको. विसुद्धिमग्गाच्या या संपादकाने उतारवयात, दुखण्याने जर्जर झाल्यावर, उपवासाने देह ठेवण्याचे ठरविले. १९४६ साली गांधीजींच्या आग्रहावरून त्यांनी उपवास सोडला. पुढे सेवाग्रामला येऊन पुन्हा आरंभिला आणि जून १९४७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. विनयाचा एवढा जाणकार माणूस अखेरीस जैन सल्लेखनेकडे आकृष्ट झाला, याचे आमच्या वर्तुळात कोडे वाटते आणि त्यावर बोलणे टाळले जाते. माझ्या मते कोडे एवढे मोठे नाही. दीर्घ आजार, सेवकांवर भार नको ही जाणीव, आणि निर्णय स्वतःचा : समन्तपासादिकेतील वर सांगितलेले वचन कोसंबींना खचितच ठाऊक होते. त्यांना परावृत्त करू पाहणाऱ्या गांधीजींनीच १९२८ साली साबरमतीच्या आश्रमातील एका वासराला, त्याच्या यातना असह्य झाल्यावर, डॉक्टरांकडून इंजेक्शन देवविले होते व त्याबद्दल टीकेचे मोहोळ अंगावर घेतले होते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्यानंतर १९६६ साली वि. दा. सावरकरांनी अन्न व औषध सोडून प्राण ठेवला, आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे विनोबांनी. विनोबांच्या भोवती डॉक्टर होते आणि उपचाराची विनंती खुद्द पंतप्रधानांनी केली होती. या तिघांनाही स्वतःचा निर्णय स्वतःच्या तोंडाने सांगता आला, आणि त्यांच्या शब्दाला वजन होते. माढ्याच्या शेतमजुराने सरकारी दवाखान्यात "मला नळी नको" म्हटले तर त्याला तेवढे वजन मिळेल काय?

आणि जिला तोंडाने सांगताच आले नाही, तिचे काय? परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयाच्या एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्याने मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. हल्लेखोराला चोरी व खुनाचा प्रयत्न यांबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोपच ठेवला गेला नाही. ऐंशीच्या दशकात त्यांना अन्यत्र हलविण्याचा प्रयत्न महापालिकेने केला, तो परिचारिकांनी हाणून पाडला.

लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये डॉ. जिगीषू दिवाटिया, डॉ. रूप गुरसहानी व डॉ. नीलेश शहा या मुंबईच्या तीन डॉक्टरांना तपासणीस पाठविले. त्यांचा अहवाल वाचला की डॉक्टरांच्या वृत्तीचे खरे दर्शन घडते. वैद्यकीय निकषांनुसार ती अवस्था बहुतांशी कायमच्या निश्चेष्टतेची होती, असे ते नोंदवितात. त्याचबरोबर परिचारिकांचे म्हणणेही ते नोंदवितात की, नैसर्गिक विधीची गरज भासली की अरुणा आवाज करतात आणि आम्हांला ते कळते. विज्ञान त्या आवाजाला अर्थ देत नाही. शुश्रूषा करणारी देते. रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिका एकमुखाने मरणाच्या विरुद्ध होत्या. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. याचिका फेटाळली गेली. पण उच्च न्यायालयाच्या संमतीने जीवनाधार काढून घेण्याची वाट याच निकालाने देशात प्रथम उघडली. अरुणांचा 'सुहृद' कोण, याचे उत्तर न्यायालयाने रुग्णालयाचे कर्मचारी असे दिले.

महावग्गात उत्तम शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत : औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य ओळखणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रचित्ताने सेवा करणे, मलमूत्र-वांतीची किळस न येणे, आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन उल्हसित करणे. के. ई. एम.च्या परिचारिकांच्या पिढ्यांनी यातले पहिले चार किती निष्ठेने सांभाळले, हे साऱ्या देशाने पाहिले. समन्तपासादिकेत रुग्णाला अन्न सोडण्याची जी मुभा आहे तिचे एक निमित्त सेवकांना आलेली किळस आणि थकवा हे आहे. येथे सेवक थकले नाहीत. तेवढ्यापुरते ते निमित्त उरत नाही. पण मुभेचे दुसरे अंग, रुग्णाला स्वतःला उमगणे, तेही येथे शक्य नव्हते. म्हणून हे प्रकरण अट्ठकथेच्या कोणत्याच कोष्टकात बसत नाही, आणि ते ओढूनताणून बसवू नये असे मला वाटते. काही अभ्यासकांनी बौद्ध मत म्हणून परिचारिकांची बाजू घेतली, काहींनी करुणा म्हणून विराणींची. दोन्हीकडे ग्रंथाला त्याच्या बोलण्यापलीकडे बोलते केले आहे.

आपल्या वर्तमानपत्रांनी त्या वेळी 'दयामरण' आणि 'इच्छामरण' हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले. पहिल्यात दया दुसऱ्याची असते, दुसऱ्यात इच्छा स्वतःची. ताकाच्या कथेत दया होती, आणि इच्छा होती ती नातलगांची.

कायद्याचा पुढचा प्रवास वेगाने सांगता येतो. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली मारुती श्रीपती दुबळ या पोलीस शिपायाच्या खटल्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारे कलम ३०९ घटनाबाह्य ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तीच भूमिका घेतली आणि १९९६ मध्ये ग्यान कौर प्रकरणी ती फिरविली. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क जीवनाच्या हक्कात धरला व आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली. इंजेक्शन देऊन मारणे मात्र गुन्हाच राहिला. २०१८ ची कार्यपद्धती इतकी किचकट होती की २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी करावी लागली : इच्छापत्र नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येते, आणि निर्णयासाठी तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे लागतात. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी न्या. महेश सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून आरंभ केला.

तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे, आणि त्यात किमान पाच वर्षे अनुभवाचे तज्ज्ञ! ग्रामीण रुग्णालय साधारणतः ३० खाटांचे असते. तेथे ही मंडळे कोठून आणावयाची? माढ्याहून सोलापूर साठ-पासष्ट किलोमीटर आहे. अतिदक्षता विभाग हवा तर रुग्ण तिकडे न्यावा लागतो आणि निर्णयही तिकडेच होतो. तो कसा होतो हे त्या विद्यार्थिनीने सांगितले, आणि इतरत्र शिकलेल्या डॉक्टर मित्रांनीही मला तेच सांगितले आहे. मंडळ बसत नाही. डॉक्टर नातलगांना बाजूला घेतात आणि "आता घरी नेलेलं बरं" असे सुचवितात, किंवा नातलगच खर्च झेपेना म्हणून विषय काढतात. मग 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत' या कागदावर अंगठा होतो. सल्ला डॉक्टरांचा, आणि कागद म्हणतो सल्ल्याविरुद्ध! भारतीय अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने २००५ आणि २०१२ साली मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, ती हा लपंडाव संपावा म्हणूनच. २०२४ साली केंद्राने जीवनाधार काढण्याविषयी मसुदा काढला, तेव्हा भारतीय वैद्यक संघटनेच्या अध्यक्षांनी त्याने डॉक्टर कायद्याच्या कचाट्यात सापडतील असा आक्षेप घेतला. ही भीती मला खोटी वाटत नाही. पण ज्याला कागदाची भीती वाटते तो कागद टाळून तेच करतो, आणि त्याचा भार अडाणी नातलगाच्या अंगठ्यावर पडतो.

विद्यार्थ्यांचे काय? त्यांना २०१९ पासून वृत्ती, नीती व संवाद या विषयांचे धडे अभ्यासक्रमात आहेत. मला त्या विद्यार्थिनीशी बोलताना जाणवले ते असे की, दयामरण चांगले की वाईट यावर ती पटकन मत देत नव्हती. वर्गातल्या वादविवादात दोन्ही बाजू तिने मांडल्या होत्या. तिला छळत होते ते वेगळेच : कर्करोगाच्या वेदनेने ओरडणाऱ्या म्हाताऱ्याला मॉर्फिन न मिळणे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याने ते औषध इतके जखडले की २०१४ मध्ये दुरुस्ती करावी लागली, आणि दुरुस्तीनंतरही खेड्यापर्यंत ते क्वचितच पोचते. मुंबईला वांद्र्यात 'शांती आवेदना सदन' १९८६ पासून अशा रुग्णांना सांभाळत आहे. आमच्या भागात तसे काही नाही. वेदना शमविण्याची सोय नसताना मरणाचा हक्क देणे म्हणजे काय, याचा विचार विधिज्ञांनी अवश्य करावा.

येथे एक खाजगी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी माझे वडील एका शहरातील रुग्णालयात होते. मूत्रपिंडे निकामी झाली होती. शुद्ध मात्र पूर्ण होती. डॉक्टरांनी मला व धाकट्या भावाला व्हरांड्यात बोलावून स्थिती सांगितली आणि आमचा विचार विचारला. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि घरी नेतो म्हणालो. आबांना माढ्याला आणले. अकरा दिवस ते होते. चौथ्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावले आणि शांतपणे विचारले, "मला घरी आणायचं कुणी ठरवलं?" मी म्हणालो, "डॉक्टरांनी, आबा." ते काही बोलले नाहीत. मी विनयपिटक शिकविणारा माणूस. त्या क्षणी मला ताकाची कथा आठवली नाही. ती आठवली या वर्षावासात, एका विशीतल्या मुलीने प्रश्न केल्यावर.

पवारणेच्या आधीच्या रविवारी विहारात आम्ही इच्छापत्राची माहिती मराठीत वाचून दाखविली. कुर्डुवाडीहून आलेल्या एका वकिलांनी नोटरीची पद्धत समजावून दिली. लोकांनी ऐकून घेतले. फारसे प्रश्न आले नाहीत. शेवटी सत्तरीच्या एक उपासिका उठल्या. कागदावर सही करावयास त्यांची हरकत नव्हती. त्यांना एवढेच विचारावयाचे होते, "डॉक्टरांनी आधी मला सांगावं, पोरांना मागनं, असं त्यात लिहून चालतं का?" वकिलांनी त्या कागदाच्या कोऱ्या जागेत ते वाक्य आहे तसे लिहून घेतले.